बसल्या बसल्या किती खातो

अशी कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका अर्धवट लोटलेल्या दाराबाहेर उभे आहात. हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग आहे, इतका उंच की तो हनुवटीने दाबून धरावा लागतो. आत तिघेजण बोलत आहेत. तुम्ही खांद्याने दार ढकलणार, एवढ्यात आतून आवाज येतो, "फार खातो."

आता सांगा पाहू, कोण खातो? वाक्यात कर्ताच नाही. आपल्या भाषेत हे चालते. 'आला', 'गेला', 'झोपला' एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला कळते, कारण कोणाबद्दल बोलणे चालले आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असते. पण ज्याने आधीचे काही ऐकलेलेच नाही, त्याने काय करायचे? तो आपल्या पदरचा कर्ता घालतो आणि वाक्य पुरे करतो. त्या दाराबाहेर टिटवीचा मामा उभा होता. त्याने नेमके तेच केले, आणि कर्ता म्हणून स्वतःलाच घातले.

मामा आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रिते तपासत होता. वेलांटीची चूक असो की अनुस्वाराची, त्याच्या नजरेतून सुटत नसे. मग छापखाना बंद पडला आणि तो 'चार दिवस' म्हणून मोठ्या बहिणीकडे राहायला आला. ते चार दिवस संपायचे नाव घेईनात. त्याला जा असे कोणी म्हटले नव्हते. पण राहा असेही कोणी म्हटले नव्हते, कारण ते वेगळे म्हणून दाखवायला हवे हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. अशा मोकळ्या जागेत शंका लगेच बिऱ्हाड करते.

आत खरे काय चालले होते ते तुम्हाला आधीच सांगितलेले बरे, नाहीतर तुमचाही मामा व्हायचा.

टिटवी ही त्या घरातली मुलगी. तोंड सदा चालू, म्हणून हे नाव पडले. ती आणि तिची मैत्रीण मिळून कॉम्प्युटरवरच्या एका खेळात गाव बांधत होत्या. मैत्रीण आईवडिलांबरोबर दूर देशी राहायला गेली होती. इकडे टिटवी शाळेतून घरी येई, तेव्हा तिकडे ती अंथरुणातून उठत असे. म्हणून त्यांचे गाव अशा यंत्रावर ठेवायला हवे होते, जे कधीच बंद पडणार नाही. कोणीही केव्हाही यावे, चार विटा रचाव्यात आणि जावे. अशा यंत्राला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे गावाचा राखणदार. गावात चिटपाखरू नसले तरी त्याने जागे राहायचे. टिटवीचा राखणदार म्हणजे बाबांच्या कार्यालयाने टाकून दिलेला एक जाडजूड कॉम्प्युटर. तो बोळाच्या कोपऱ्यात बसून असे, चुलीसारखा तापे, आणि वीज तर बकासुरासारखी खाई. त्याच्या आतल्या प्रोसेसरला टिटवी 'डोकं' म्हणे. आईला समजावून सांगताना निघालेला तो शब्द पुढे तिघांच्या बोलण्यात रुळला होता; मामाला मात्र तो ठाऊक नव्हता. बाबांनी अट घातली होती की कमी वीज खाणारा सर्व्हर सापडला तर गाव राहील, नाहीतर गावाला टाळे.

त्या दिवशी त्याचाच खल चालला होता.

"फार खातो," बाबा म्हणाले.

"कामात असताना खाल्लं असतं तर मी काही बोलले असते का?" आई म्हणाली. "पण नुसता बसलेला असतो तेव्हाही त्याला तेवढंच लागतं."

"तेच तर मी कधीची म्हणतेय," टिटवी म्हणाली. "कामाच्या वेळी किती खातो ते सोडा. बसल्या बसल्या किती खातो ते बघायचं. याला काम असतं कितीसं? दिवसातून घटकाभर. बाकी सगळा वेळ बसूनच."

"आणि तापतो केवढा. जवळ जायची सोय नाही," बाबा म्हणाले.

"त्याची ती घरघर तर विचारू नका. शेजारच्या काकू परवा मला विचारत होत्या, आवाज कसला येतो म्हणून."

"डोकं जुनं आहे ना त्याचं," टिटवी म्हणाली. "जुन्या डोक्यांना साध्या कामाचासुद्धा ताप होतो."

"मग नुसतं डोकं बदललं तर?"

"याला नवं डोकं बसत नाही, बाबा. मी विचारून आले. अख्खाच बदलावा लागेल."

"मग बदला एकदाचा," आई म्हणाली. "खायला काळ आणि भुईला भार. इतके दिवस ठेवून घेतला तेच खूप झालं."

"आयता आला म्हणून ठेवला," बाबा म्हणाले. "आता काढायचा म्हटलं की जिवावर येतं. बघतो, कोणी नेतं का."

मामा आल्या पावली मागे फिरला. कपडे पलंगावर ठेवून तो त्यांच्या घड्या घालू लागला आणि मुद्रित तपासावे तसे ते बोलणे मनातल्या मनात तपासू लागला. फार खातो? खरे होते; तो दुसऱ्यांदा वाढून घेत असे. तापतो? वर्तमानपत्रात चुकीचा शब्द दिसला की त्याचा पारा चढे, तेव्हा तेही खरे. घरघर? छापखान्यातले लोक त्याच्या घोरण्याला 'दुसरी पाळी' म्हणत. नुसता बसलेला असतो? असतो. त्याने वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिले. एकही चूक सापडेना. 'भुईला'मधला उकारसुद्धा ताईने अगदी ऱ्हस्व उच्चारला होता.

त्याला ताईचा राग आला नाही. राग आला असता तर बरे झाले असते, गोष्ट तिथेच मिटली असती. त्याला फक्त वाटले की आपण सुधारायला हवे, आणि तेही कोणाच्या लक्षात न येता.

संध्याकाळी जेवताना आईने नेहमीप्रमाणे भांडे पुढे केले. "वाढू?"

"नको. बसल्या बसल्या किती लागणार माणसाला?"

"पोट बरं नाही का?"

"पोट उत्तम आहे. लावू तशी सवय लागते त्याला."

तो हात धुवायला गेला तशी आई हळूच म्हणाली, "याला काहीतरी झालंय."

"उकाड्याने भूक मरते," बाबा म्हणाले.

"याची? अंगात फणफणून ताप होता तेव्हाही दोनदा मागून घेतलं होतं याने."

घरात घरघर नको म्हणून मामाने अंथरूण गॅलरीत नेले. त्यामुळे ती घरघर वरच्या आणि खालच्या मजल्यावर सारखी वाटली जाऊ लागली. शेजारच्या काकूंनी आईला जिन्यात गाठून विचारले, "नवीन मशीन घेतलंत का हो? आधीच्यापेक्षा मोठं दिसतंय." आईला काही उमगले नाही.

मग तापण्याची पाळी. टिटवीने मुद्दाम वर्तमानपत्र त्याच्यापुढे धरले. "मामा, हे बघ. 'कामगार दीन उत्साहात साजरा.' दीन दीर्घ छापलाय."

एरवी असा दीन पाहून मामाने अख्खी इमारत डोक्यावर घेतली असती. त्याने चष्मा पुसला आणि शब्द पाहिला. "असू दे. कामगार दीनच असेल बिचारा."

टिटवीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंडगार होते. तिला जास्तच काळजी वाटली.

पण तिच्या जिवाला दुसराच घोर होता. सर्व्हर शोधायचा होता. नव्या सर्व्हरमध्ये एकाच चकतीत अनेक डोकी असतात. बाबांना वाटत होते की सगळ्यात जास्त डोक्यांचा आणावा, म्हणजे काम चटकन उरकेल. टिटवीने वाचून, विचारून, दुकानदाराला भंडावून सोडून वेगळेच काही शोधले होते. खोक्यावर जो मोठा आकडा छापतात तो यंत्र राबत असतानाचा. घरच्या सर्व्हरचा जन्म मात्र वाट बघण्यातच जातो. शिवाय तिच्या खेळात बहुतेक सगळे काम एकाच डोक्याला करावे लागे. बाकीची कितीही असली तरी ती बघ्यांच्या गर्दीसारखी. एक डोके भक्कम हवे आणि रिकामपणी सगळी मिताहारी हवीत, एवढेच. असा एक तिला सापडला, आणि तिने आनंदाने मैत्रिणीला फोन लावला.

मामा तेव्हा गॅलरीत झाडांना पाणी घालत होता. खिडकीतून आवाज आला.

"डोकी चार आहेत. पण चौघांचं मिळून आत्ताच्या एकट्याच्या निम्मंसुद्धा खाणं नाही. हो ना. आणि बसलेला असला की जवळजवळ उपाशीच. हाक मारली की तत्क्षणी उठतो, सांगितलेलं करतो, परत गप्प. नाही गं, थंड आहे, एकदम थंड. शनिवारी येतोय. तो आत आला की जुना बाहेर."

झारीतले पाणी कुंडीतून ओसंडून मामाच्या पायावर पडू लागले. चार डोकी म्हणजे चार माणसे. मोजताना डोकीच मोजतात. असे चौघे कोण? बाबांचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन मुले. सगळे काटकुळे, सगळे अबोल. त्यांच्या घरचे मांजरसुद्धा दुसरीकडे जेवायला जाई, असे बाबाच म्हणत. हिशेब चोख जुळला.

तरी माणूस शेवटपर्यंत आशा सोडत नाही. हाक मारली की तत्क्षणी उठणे आपल्यालाही जमेल, असे मामाला वाटले, आणि त्याने सराव धरला. आईने बाबांना "अहो" म्हटले की मामा उठे. वरच्या मजल्यावरून कोणी "ऐकलंस का" म्हणाले की मामा उठे. खाली रस्त्यात कोणी आपल्या कुत्र्याला हाक मारली, तेव्हा तो हातात चहाचा कप घेऊन इतक्या झटक्यात उठला की सगळा चहा बाबांच्या मांडीवर.

"अरे, कुठे आग लागलीय?" बाबा म्हणाले.

"हाक आली ना."

"मोत्याला आली."

"कोणालाही येवो. उठलेलं बरं."

शुक्रवारी मामाची आशा संपली, पण चांगुलपणा संपला नाही. जायचे तर नीट जावे. मागून येणाऱ्यांची आबाळ होऊ नये. त्याने आपला कपाटातला कप्पा रिकामा केला. गाद्या उन्हात टाकल्या, चार उशांना नवे अभ्रे घातले. आई दुकानातून आली ती बघतच राहिली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तेव्हा आपल्याला दिसते ते खरे की खोटे अशी शंका तिला सहसा येत नसे.

"हे काय चाललंय?"

"चार डोक्यांची सोय करतोय, ताई. उद्या येतील त्यांना अडचण नको."

"कोण येणार आहे उद्या?"

मामा कसनुसे हसला. "तुला माहीत असून विचारतेस?"

आईने स्वयंपाकघरात जाऊन बाबांना कोपऱ्यात घेतले. "उद्या त्याची चार माणसं यायची आहेत."

"त्याची? कोण?"

"छापखान्यातली असतील. मला सांगून ठेवलं असेल आणि मी विसरले."

"मग विचार की."

"मुळीच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने कोणाला घरी बोलावलंय. आता कोण, कशाला, असं खोदत बसलं तर त्याला वाटेल हे घर त्याचं नाही. तुम्हीही विचारायचं नाही. गोडधोड काय करायचं ते सांगा."

हे बोलणे मामाच्या कानावर पडले असते तर पुढचे सगळे टळले असते. पण सगळी वाक्ये योग्य कानावर पडतीलच असे नाही. मामा पलीकडच्या खोलीत चादरींना इस्त्री करत होता. आईने उद्याची तयारी म्हणून विजेची शेगडी लावली. बाबांनी आंघोळीचे पाणी तापत ठेवले. बोळात जुना कॉम्प्युटर घरघरत होताच. इतक्या जणांनी एकाच ताटात हात घातल्यावर काय होणार? खटका पडला. दिवे गेले, पंखे थांबले आणि बोळातली घरघर थांबली.

"माझं गाव," टिटवी अंधारात म्हणाली. "ती आत्ताच पूल बांधायला बसली होती."

बाबा चाचपडत बोळात आले. "सगळा याच्यामुळे घोटाळा. उद्या नवा आला रे आला की याला मी स्वतःच्या हाताने उचलून दाराबाहेर ठेवतो."

बाबांनी बोट कॉम्प्युटरकडे दाखवले होते. पण अंधारात बोट कोणाला दिसते? खोलीत मामा निवत चाललेली इस्त्री हातात धरून उभा होता. "उचलायला कशाला लागतंय," तो पुटपुटला. "मी जातो ना चालत."

शनिवारी सकाळपासून घरात वासच वास. आईने आठ माणसांचा स्वयंपाक मांडला होता. मामाने दारातून पाहिले. निम्मेही न खाणाऱ्यांसाठी एवढा थाट कशाला, हे त्याला कळेना. पण पाहुणचाराला तर्क नसतो. त्याने पलंगाखालून आपली मोठी बॅग ओढली, कपडे भरले आणि बुटांच्या नाड्या बांधल्या. छापखान्यातला एक मित्र गावाबाहेर राहत असे, तूर्त त्याच्याकडे जायचे असे त्याने ठरवले. तो दाराशी पोचला आणि घंटा वाजली.

दारात हेल्मेट घातलेली एक मुलगी उभी होती. हातात पुस्तकाएवढे खोके. मामाने तिच्या खांद्यावरून जिन्यात पाहिले. जिना रिकामा होता.

"बाकीचे?" मामाने विचारले.

"बाकीचे काय?"

"काका वगैरे."

"काका तुम्हालाच म्हणतेय. एकच खोकं आहे, इथे सही करा."

मामाने सही केली. टिटवी आतून वाऱ्यासारखी आली आणि त्याच्या हातातले खोके घेऊन तिथेच उंबऱ्यात बसून फोडू लागली. तोंड चालूच. "आला एकदाचा. बघ मामा, केवढासा आहे. चार डोकी."

"कुठायत?"

"आत. एका नखाएवढ्या चकतीत चारही. बाबा जास्त डोक्यांचा आणणार होते, मी म्हटलं, एकच काम करणार आणि बाकीची बसून खाणार. हा बसल्या बसल्या काहीच खात नाही. नाहीतर आपला जुना, नुसता बसून..."

"थांब," मामा म्हणाला. "जुना कोण?"

"कोण म्हणजे? तो काय."

तिने बोळाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. या वेळी उजेड लख्ख होता.

मामा हळूच बॅगेवर बसला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला स्वतःची चूक सापडली, की तो आधी इकडेतिकडे पाहतो. कोणी बघितले तर नाही ना? टिटवीने बघितले होते. तिने बॅग पाहिली, बांधलेल्या नाड्या पाहिल्या, सैल झालेला पट्टा पाहिला. तिला जेवतानाचे ते 'नको' आठवले, तो थंड दीन आठवला. तिचे तोंड उघडे होते, पण त्यातून शब्द येत नव्हता. अशी वेळ त्या घरावर प्रथमच आली होती.

"मामा, तुला वाटलं की..."

"मला काही वाटलं नाही. मी आपला निघालो होतो जरा."

"बॅग घेऊन?"

"हवा खायला."

"हवाच खातोयस ना इतके दिवस?"

आतून आईची हाक आली. "आले का रे तुझे पाहुणे?"

"माझे?" मामा म्हणाला, आणि हाक आली असूनही चांगला सावकाश उठला.

मेजावर आठ ताटे मांडली होती. चौघांनी उरलेल्या चार ताटांकडे पाहिले. "छापखान्यातले नाही आले?" आईने विचारले. तिचा चेहरा खरोखर उतरला होता.

मामाने टिटवीकडे पाहिले. टिटवीने छताकडे पाहिले.

"त्यांना जमत नाही म्हणे," मामा म्हणाला.

"अरे देवा. तुझी माणसं पहिल्यांदा घरी यायची म्हणून मी एवढं केलं. मला वाटलं, त्यांनाही बघू दे, आपला माणूस कसा राहतोय ते. आता हे खाणार कोण?"

नाकाशी काहीतरी आल्यासारखे मामाने रुमाल काढला, मग तो गळ्याशी खोचून ताटावर बसला.

"वाढू?" आईने भीत भीत विचारले.

"वाढ. पुढचं विचारू नकोस, वाढतच जा."

पहिल्या डोक्याचे जेवण संपायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच्या मध्यावर बाबा आईला म्हणाले, "म्हटलं नव्हतं मी, उकाडाच होता." तिसऱ्याला सुरुवात करताना मामाने मसाल्याच्या पुडीवर छापलेला एक शब्द वाचला आणि तो असा तापला की शेजारच्या काकूंनी भिंतीवर टकटक केली. आईने डोळे पुसले आणि चौथे ताट पुढे सरकवले.

या गडबडीत टिटवी ताटावरून कधी उठली ते कोणाला कळले नाही. तिने आधी जुन्या कॉम्प्युटरमधले गाव, त्यातल्या अर्धवट पुलासकट, नव्या यंत्रात उतरवून घेतले. मग मामाची बॅग त्याच्या खोलीत नेली. सदरे कपाटाच्या कप्प्यात, पुस्तके खिडकीत, चपला पलंगाखाली. रिकाम्या बॅगेत तिने तो जाडजूड कॉम्प्युटर तिरका घातला, वर गुडघा रोवून झाकण दाबले, आणि ती बॅग फरशीवरून खरडत थेट बाबांच्या खुर्चीपाशी आणून उभी केली.

"जुना कॉम्प्युटर काढायचा होता ना, बाबा? भरून ठेवलाय. ज्याला द्यायचाय त्याला बॅगेसकट द्या."

"बॅग मामाची आहे ना ही? परत मागू की आपण."

"नाही," टिटवी म्हणाली, आणि बॅग दाराबाहेर नेऊन ठेवायला पुन्हा ओढू लागली. "बॅग अजिबात परत आणायची नाही."